घसरगाडीवरचा घण

"वाचू नकोस. बघ. अर्थ लेखकाचा, अक्षर आपलं. अर्थात शिरलास की अक्षर निसटलंच म्हणून समज."

छापखान्यातल्या फोरमननं पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, शाईनं माखलेलं बोट नाचवत हे सांगितलं होतं आणि शोधककाकांनी ते छत्तीस वर्षं पाळलं. त्यांचं खरं नाव खाली पत्रपेटीवर होतं. पण मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला इमारतीत कुणीतरी एकदा 'शोधक' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. छत्तीस वर्षांत त्यांनी औषधशास्त्रापासून कुक्कुटपालनापर्यंत शेकडो पुस्तकांची मुद्रितं तपासली. त्यातल्या एकाही पुस्तकात काय लिहिलं होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. एका गाजलेल्या कादंबरीत नायिका शेवटी मरते, ही बातमी त्यांना त्या कादंबरीच्या चौथ्या आवृत्तीच्या वेळी, तीसुद्धा काकूंकडून कळली. 'मरते' मधला 'र' तुटका आला होता, एवढं मात्र त्यांना पहिल्या आवृत्तीपासून आठवत होतं.

तेव्हा या माणसानं आयुष्यात स्वतः एक ओळही लिहिली नव्हती, यात नवल नाही. लिहायला लावलं ते इमारतीच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी.

झालं असं की इमारतीच्या गच्चीवरची जुनी पाण्याची टाकी पाडायला काढली. टाकी जुनी असली तरी तब्येतीनं ठणठणीत होती. ती पाडायला जो कारागीर आला त्याला सगळे घणवाला म्हणू लागले, कारण सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्याचा घण आणि त्या घणाचा आवाज याशिवाय त्याच्याविषयी कुणाला काही कळायला वाव नव्हता. प्रत्येक घावाला चौथ्या मजल्यावरच्या कपबशा बोलायच्या. लोक त्रासले. जिन्यात भेटले की एकमेकांशी तुटक वागू लागले. तेव्हा अध्यक्षबाई काकांना म्हणाल्या, "खालच्या फळ्यावर आपण फक्त पाणी येणार नाही एवढंच लिहितो. फळा दिसला की लोक बादल्या भरायला पळतात. तुम्ही तिथं रोज काहीतरी चांगलं लिहा. तुमचं अक्षर सुंदर आहे."

अक्षर सुंदर आहे असं कुणी म्हटलं की काकांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी फळ्यावर पट्टीनं आखून तीन मथळे केले. 'आजचा शब्द', 'अर्थ' आणि 'मूळ'. आपण बोलताना हजार इंग्रजी शब्द वापरतो, त्यातला रोज एक. पहिले दहा दिवस सुरळीत गेले. घरात एक जुना खिशात मावणारा कोश होता, त्यातून शब्द उतरायचा, तीनदा तपासायचा, चार पावलं मागं जाऊन बघायचा, आणि पुन्हा पुढं येऊन अनुस्वार ठळक करायचा. लोक थांबून वाचायचे. बादल्या भरायला कुणी पळेना. एक दिवस खरोखरच पाणी येणार नव्हतं आणि तेही कुणी वाचलं नाही, पण त्याचा दोष काकांकडं जात नाही.

अकराव्या दिवशी घणाच्या हादऱ्यानं खडू हातातून उडाला, तेव्हा काकांना वाटलं, आज हाच शब्द घ्यावा. स्लेजहॅमर. कोशात अर्थ मिळाला: मोठा जड हातोडा, घण. मुळाबद्दल कोशानं मौन पाळलं होतं. आता 'मूळ' हा मथळा फळ्यावर होता आणि त्याच्याखाली कोरी जागा राहत होती. मुद्रितशोधकाला कोरी जागा दिसणं म्हणजे काय, हे बाकीच्यांना कळायचं नाही. एका पायात चप्पल घालून बाजारात गेल्यासारखं त्यांना झालं.

अशा नाजूक वेळी मेजर जिना उतरले. मेजर सैन्यात कधीच नव्हते. आवाजावरून ते नाव पडलं होतं. एका मोठ्या कार्यालयात ते तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले होते आणि त्या खिडकीत 'ठाऊक नाही' असं म्हणायची पद्धत नव्हती.

"मूळ अडलंय?" मेजर म्हणाले. "अहो सोपं आहे. स्लेज म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी. पूर्वी हे हातोडे इतके जड असायचे की माणसाला उचलायचे नाहीत. मग त्या गाडीवर घालून न्यायचे. गाडीवरचा हातोडा, म्हणून स्लेजहॅमर."

काकांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना जो एकच प्रश्न पडला तो विचारला.

"घसरगाडी हा एक शब्द लिहायचा की दोन?"

"एक," मेजर म्हणाले. त्यांना तेही ठाऊक होतं.

त्या दिवशीचा फळा काकांच्या हातून उतरलेला सर्वांत देखणा फळा होता, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागेल. ओळी समांतर, पूर्णविराम टपोरे. अध्यक्षबाईंनी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या तीन इमारतींच्या ग्रुपवर गेला, आणि कुणाच्या तरी मेहुण्याकडून फिरून पुन्हा आपल्याच ग्रुपवर आला. इतका गाजलेला फळा काकांना पुसवेना, म्हणून पुढचे काही दिवस तोच शब्द राहिला. घणवाल्याकडं लोक आता जरा आदरानं पाहू लागले. एवढं वजनदार हत्यार, ज्याला पूर्वी स्वतःचं वाहन होतं.

शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई काकांकडं आली. ती लग्नाआधी शाळेत शिकवायची. मग मूल, सासऱ्यांचं आजारपण, असं करता करता आठ वर्षं घरात गेली. आता जवळच्या शाळेत जागा निघाली होती. जागा एक आणि उमेदवार चौघी. बुधवारी अकरा वाजता सहावीच्या वर्गावर प्रत्येकीनं नमुन्याचा पाठ घ्यायचा, मागं मुख्याध्यापिका आणि दोन परीक्षक बसणार.

"काका, शब्दांच्या गोष्टी असा विषय घेतलाय मी," ती म्हणाली. "तुमचा तो घसरगाडीवरचा घण घेऊ का?"

"अगं घे की. त्यात विचारायचं काय."

"आठ वर्षांनी फळ्यासमोर उभी राहणार आहे. परवा आरशासमोर पाठ म्हणून बघितला तर घशातून आवाजच निघेना. पण असं काहीतरी भक्कम हातात असलं की बरं वाटतं." मग ती म्हणाली, "ही जागा गेली ना, तर पुन्हा अर्ज करायचं मला नाही वाटत धाडस होईल."

ती गेल्यावर काका बराच वेळ खुर्चीत ताठ बसून होते. त्यांनी तपासलेलं सगळं दुसऱ्यांचं होतं. त्यांनी लिहिलेलं काही आज पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

"मान अवघडेल," काकू म्हणाल्या.

शनिवारी टाकीचं काम थांबलं. एक अधिकारी आले, त्यांनी कागद पाहिले आणि टाकी पाडायची परवानगी दाखवा म्हणाले. परवानगी होती. पण दप्तरात या इमारतीवर टाकी असल्याची नोंदच नव्हती. जी नाही ती पाडायची परवानगी कशी दिली गेली, याची आता चौकशी होणार होती. आधी टाकी असल्याचा दाखला आणायचा, मग टाकी पाडायची. गुरुवारपर्यंत काम बंद. घणवाला पत्रपेट्यांखालच्या बाकावर येऊन बसला, शेजारी घण उभा करून. रोज आपण ज्याच्यावर घाव घालतो ती वस्तू सरकारी दृष्टीनं अस्तित्वातच नाही, हे ऐकून तो जरा विचारात पडला होता. मग त्याची नजर फळ्यावर गेली. ओळीवरून बोट फिरवत त्यानं तो सावकाश वाचला.

काका तेव्हा दूध घेऊन येत होते.

"काका, हे कुणी लिहिलंय?"

"मी," काका म्हणाले. ज्या आवाजात हे म्हणायचं असतं त्याच आवाजात.

"अक्षर छान आहे."

"आभारी आहे."

"हे गाडीवरून न्यायचे म्हणताय. म्हणजे कुणाला उचलत नव्हता?"

"नव्हता ना. जड फार."

"मग मारायचे कसे?"

काकांनी फळ्याकडं पाहिलं. दुधाची पिशवी हातात गार लागत होती. ओळी समांतर होत्या, पूर्णविराम टपोरे होते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक वाक्य वाचलं.

"खोटं आहे असं नाही म्हणत मी," घणवाला त्यांची समजूत काढत म्हणाला. "तिकडच्या लोकांचं आपल्याला काय ठाऊक. पण हा आठ किलोचा आहे. मी खांद्यावरून आणतो. ज्याला उचलत नाही त्यानं घण बाळगून करायचं काय?"

काका वर गेले. दूध ओट्यावर ठेवायच्या ऐवजी त्यांनी पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. मग ते मेजरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मेजर, ती घसरगाडी तुम्ही वाचली कुठं?"

"म्हणजे?"

"कुठल्या पुस्तकात?"

मेजरांना हा प्रश्न वैयक्तिक वाटला. "अहो, असल्या गोष्टी वाचाव्या लागत नाहीत. त्या दिसतात. शब्दातच गाडी आहे."

"पण मग मारायचे कसे?"

"कोण म्हणालं हे?"

"घणवाला."

"छान," मेजर म्हणाले. "तीस वर्षं चौकशीवर बसलेल्या माणसाचं ऐकू नका. घणवाल्याचं ऐका." आणि दार लावलं. लागलेलं दार पुन्हा उघडून म्हणाले, "दोघं जण मिळून मारत असतील."

काकांनी फोन काढला. फोनवर शोधायला त्यांना आवडत नसे. तिथली मुद्रितं कुणी तपासत नाही असं त्यांचं मत होतं. पण वेळ तशी होती. शब्द घातला तर एका ठिकाणी एक मूळ, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. तिसऱ्या ठिकाणी मात्र घसरगाडीच होती. काकांचा जीव भांड्यात पडला. शेजारी पुरावा म्हणून चित्र होतं. ते त्यांनी मोठं करून पाहिलं. चित्रात एक फळा होता, पट्टीनं आखलेला, आणि 'मूळ' मधला ऊकार त्यांचाच होता. वर लिहिलं होतं: जाणकारांच्या मते. अक्षर इतकं निर्दोष होतं की पाहणाऱ्या कुणाचाही विश्वास बसला असता. क्षणभर काकांचाही बसला.

रविवारी ते अध्यक्षबाईंकडं गेले आणि फळ्यावर शुद्धिपत्र लिहायची परवानगी मागितली. आता शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली ती चिठ्ठी, जिच्यात अमुक पानावर तमुक चुकलं असं मान खाली घालून कबूल केलेलं असतं. काकांनी तपासलेल्या एकाही पुस्तकाला ती कधी लागली नव्हती. लोकांना मुलाबाळांचा अभिमान असतो, काकांना याचा होता. त्यामुळं हा शब्द तोंडातून काढताना त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

"पुसायचं असेल तर खुशाल पुसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण चूक झाली असं लिहायचं असेल तर समितीची बैठक लागेल. मागं पाण्याची वेळ चुकली आणि आपण तसं लिहिलं, तेव्हापासून लोक बरोबर वेळेवरही विश्वास ठेवत नाहीत. ठरावच आहे तसा."

"बैठक कधी?"

"पुढच्या महिन्यात."

बुधवार तीन दिवसांवर होता. सूनबाईला आत्ताच जाऊन सांगावं, हे काकांना कळत नव्हतं असं नाही. दोनदा ते दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. पण चुकीचं आहे म्हणून सांगायचं आणि बरोबर काय ते ठाऊक नाही म्हणायचं, हे त्यांना जमेना. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात घसरगाडी अजून घसरत होती. न जाणो, निघायची खरी. दोन्ही वेळा ते पायपुसणं सरळ करून परत आले.

सोमवारी ते सार्वजनिक ग्रंथालयात गेले. तिथं इंग्रजीचा तो अनेक खंडांचा थोरला कोश होता, ज्यात प्रत्येक शब्दाची कुळकथा असते. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, संदर्भ विभाग फक्त सभासदांना. त्यांनी छापील अर्ज दिला. काकांनी तो भरला, पाच मिनिटांत परत केला आणि नम्रपणे उभे राहिले.

बाईंनी अर्ज हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. "हे काय केलंत?"

"तीन चुका होत्या."

"तुमच्या?"

"नाही. तुमच्या. दोन जोडाक्षरं, आणि एक ओळ डावीकडं सरकलेली होती. खुणा समासात केल्यात, कंपोझिटरला कळतील."

"अहो आजोबा, छापील अर्जावर लाल शाईनं फक्त अधिकारी लिहितात. हा बाद झाला."

दुसरा अर्ज काकांनी अर्धे डोळे मिटून भरला. डावा हात खिशात ठेवला, कारण लाल पेन तिकडं होतं. ती सरकलेली ओळ तशीच मागं ठेवून निघताना त्यांना मागून कुणी हाक मारतंय असं वाटत राहिलं. एवढं करून अर्जावर जुन्या सभासदाची सही हवी होती, आणि इमारतीत जुने सभासद एकच होते.

"सभासदत्व कशाला?" मेजरांनी विचारलं.

"वाचायला."

"तुम्ही?"

मेजर चुकले हे सिद्ध करायला मेजरांचीच सही घेणं, याला काय म्हणावं हे काकांना ठरवता येईना. मेजरांनी सही केली. सही करताना कशासाठी ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटच्या फटकाऱ्यानं कागद फाटता फाटता वाचला. पण केली. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला कागद परत पाठवायचं जिवावर येतं.

मंगळवारी सकाळी काका सभासद झाले. बाईंनी नोंदवही काढली, ओळीवरून पट्टी सरकवली आणि म्हणाल्या, "एसचा दुसरा भाग ना? तो बांधणीला गेलाय."

"कधी येईल?"

"गेल्या वर्षी गेलाय. पहिल्या भागाला तीन वर्षं लागली."

एखादा माणूस इथं हात टेकून घरी गेला असता. पण नोंदवहीत बांधणीवाल्याचं नाव होतं आणि काकांनी ते उलटं असूनही वाचलं. उलटं वाचणं ही छापखान्याची देणगी. तो त्यांचा जुना सोबती निघाला. दोघांनी वीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला होता.

बांधणीवाल्याच्या गाळ्यात खळीचा वास भरला होता. शिलाईची रिळं, कापडाचे तुकडे, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. पायरीवर काकांची सावली पडताच तो म्हणाला, "काय रे लाल शाई, वाट चुकलास?"

"तुझ्याकडं एक कोश आलाय. मला त्यातलं एक पान वाचायचंय."

बांधणीवाल्यानं सुई खाली ठेवली. "वाचायचंय? तब्येत बरी आहे ना तुझी?"

कोश सुटा करून ठेवलेला होता. सोळा सोळा पानांच्या घड्या, त्यांची चळत, आणि हवी ती घडी अर्थातच दाबयंत्राच्या तळाशी. ते यंत्र सैल करायला दोघा म्हाताऱ्यांना मिळून पाऊण तास लागला. मधे एकदा ते आणखीच घट्ट झालं. शेवटी पान हाती आलं. सवयीप्रमाणं काकांनी ते आधी बघितलं. चूक नव्हती. मग वाचलं.

स्लेज हा शब्द फार जुना, आणि त्याचा अर्थच मुळी घण. ठोकणं, प्रहार करणं या अर्थाच्या धातूपासून तो आलेला. घाव घालून ठार मारण्याचा जो जुना इंग्रजी शब्द, त्याचा हा जवळचा नातलग. बर्फावरच्या गाडीचा स्लेज समुद्रापलीकडच्या दुसऱ्या भाषेतून, पुष्कळ शतकांनंतर आलेला. दोघांची साधी ओळखसुद्धा नाही. पुढं कधीतरी लोकांनी जुन्या स्लेजला मागं आणखी एक हॅमर जोडला, म्हणजे एकाच हत्याराला दोनदा हातोडा म्हटलं. गाडी कुठंच नव्हती.

काकांनी ते चारदा वाचलं. चौथ्या वेळी गरज नव्हती, पण बरं वाटत होतं. एक शब्द हजार वर्षं नुसता घाव घालत चालत आला होता, आणि हे असलं काहीतरी त्या शेकडो पुस्तकांतही असणार होतं.

"काय, चूक निघाली?" बांधणीवाल्यानं विचारलं.

"निघाली. माझी."

"अक्षराची?"

"नाही, अर्थाची."

"मग आपल्याकडं नाही ती. अर्थ लेखकाचा."

"लेखक मीच होतो रे," काका म्हणाले.

बांधणीवाल्यानं चहा मागवला.

मंगळवारी संध्याकाळी काकांनी दुसऱ्या मजल्यावरचं पायपुसणं सरळ न करता बेल वाजवली. जेवणाच्या टेबलावर मोठा तक्ता पसरला होता. पांढऱ्या बर्फातून चार कुत्रे एक गाडी ओढत होते आणि गाडीवर दोरीनं बांधलेला घण झोपला होता. सूनबाईच्या सासूबाई चष्मा नाकावर ओढून चौथ्या कुत्र्याची जीभ रंगवत होत्या.

"या काका. बघा, जमलंय का?"

काकांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. घणवाला, मेजर, फोनमधला फळा, दाबयंत्र. कागदावर उतरवून आणलेलं खरं मूळ तक्त्याच्या कडेला ठेवलं. सूनबाईनं ते वाचलं. मग तक्त्याकडं पाहिलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"शंका शनिवारी आली."

"आज मंगळवार आहे काका."

"हो."

"दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना, तर मी तपासलं असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर काकांना सोपं गेलं असतं. "तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मला तपासावंसंच वाटलं नाही."

"पाठ बदलता येणार नाही?"

"आराखडा दिलाय शाळेत. मुख्याध्यापिकांची सही झालीय. विषय, साहित्य, तक्ता, सगळं त्यात लिहिलंय. दुसरं काही घेतलं तर गुण कापतात."

"आणि या कुत्र्यांचं काय करायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस घालवलेत मी त्यांच्यावर."

काका म्हणाले, "मी जातो मुख्याध्यापिकांकडं. सांगतो, चूक माझी आहे."

"त्यानं काय होईल? न तपासता वर्गात नेणारी बाई, एवढंच कळेल त्यांना." ती खुर्चीत बसली. कागद पुन्हा उचलला. "तो घणवाला काय म्हणाला म्हणालात?"

"म्हणाला, मग मारायचे कसे?"

"पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं. सूनबाई तक्त्याकडं बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं.

"तक्ता तसाच लावते," ती म्हणाली. "गोष्ट तशीच सांगते. मुलं डोलतील, आपणही डोललोच की. मग खरा घण टेबलावर ठेवायचा. एकेकानं हात लावून बघायचा. आणि मग तो प्रश्न मी विचारायचा नाही. मुलांनी विचारेपर्यंत थांबायचं."

"नाही विचारला तर?"

"सहावीची मुलं आहेत. विचारतील." मग तिनं कागद खाली ठेवला. "पण ती आणखी एक विचारतील. हे खोटं लिहिलं कुणी? मी तुमचं नाव नाही घेणार काका. काहीतरी सांगेन, कुठंतरी वाचलं म्हणून."

कुठंतरी वाचलं. काकांना मेजरांचं लागलेलं दार आठवलं.

"तसं नको सांगूस," ते म्हणाले. "मी येतो. वर्गात मागं बसतो. मुलांनी विचारलं की उठून सांगतो, मी लिहिलं. न वाचता लिहिलं. आणि घण मी घेऊन येतो. अकराच्या आत तुझ्या टेबलावर असेल."

"काका, तो आठ किलोचा आहे."

"ठाऊक आहे."

"मी येते की घ्यायला. नाहीतर रिक्षा..."

"घण मी आणतो म्हणालो ना," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका हट्ट कधी कुणी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही.

घणवाल्यानं घण दिला. गुरुवारपर्यंत तो नाहीतरी बसूनच होता. फक्त म्हणाला, "दांड्याच्या टोकाला धरू नका. डोक्याजवळ धरा, मग खांद्यावर घ्या. अंगाशी ठेवला की तो जड लागत नाही, लांब धरला की लागतो. आणि मुलांच्या पायावर पडू देऊ नका."

काकांनी डोक्याजवळ धरला, खांद्यावर घेतला आणि जिन्याच्या तीन पायऱ्या चढले. चौथ्या पायरीवर ते थांबले, जणू तिथंच थांबायचं ठरलं होतं. वरून मेजर उतरत होते. त्यांना सगळं कळलं होतं, कारण सासूबाईंच्या गॅलरीखालीच त्यांची खिडकी होती.

"शोधक, माझी चाकांची पिशवी न्या," मेजर म्हणाले. "भाजीची आहे, पण भक्कम आहे. अगदी शाळेच्या दारापर्यंत नेईल." आणि न राहवून पुढं म्हणाले, "शेवटी गाडी लागलीच ना?"

"तुमचे आभार," काका म्हणाले. "पण नको."

मेजर दोन पायऱ्या खाली गेले आणि वळून, पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाले, "वर्गात माझं नाव घेणार आहात का?"

"नाही. लिहिलं मी."

मेजर मान हलवून खाली गेले. चाकांची पिशवी त्यांनी तरीही काकांच्या दारापाशी आणून ठेवली, आणि ती सकाळपर्यंत तिथंच राहिली.

बुधवारी काका पहाटेच उठले. फळा पुसला, पट्टीनं आखला आणि कुठल्याही ठरावाशिवाय वर लिहिलं: शुद्धिपत्र. खाली खरं मूळ लिहिलं, आणि त्याखाली, 'आधीचा मजकूर न वाचता लिहिला होता', आणि आपलं पूर्ण नाव. सात मजल्यांत निम्म्या लोकांना ते नाव कुणाचं हे विचारावं लागलं. या वेळी चार पावलं मागं जाऊन त्यांनी ते बघितलं नाही, उभ्या जागी वाचलं. एका ठिकाणी वेलांटी जरा वाकडी आली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली. सरळ करायला हात दोनदा वर गेला, ही गोष्ट वेगळी.

घरी आले तेव्हा काकू देवापुढं पोथी वाचत बसल्या होत्या. वाचन पुरं होईपर्यंत बोलायचं नाही हा त्यांचा रोजचा नेम, आणि लग्नानंतर आजवर तो एकदाही मोडला नव्हता. काकांना एरवी ही वेळ सोयीची वाटायची. अवघड कबुल्या ते याच वेळी देत. आज त्यांनी सगळं सांगितलं. शाळेचं, मुलांपुढं उठून उभं राहायचं, आणि आपला आवाज मुळात वर्गाच्या शेवटापर्यंत पोचेल का, हेसुद्धा.

काकूंनी ओळीवर बोट ठेवून त्यांच्याकडं पाहिलं. मग पोथीत खूण घालून उठल्या, आत गेल्या आणि एक जुना पंचा आणला. त्याची चौपदरी घडी केली, काकांच्या उजव्या खांद्यावर ठेवली, हातानं दाबून बसवली आणि परत जागेवर जाऊन पुढची ओळ वाचू लागल्या.

काकांनी घण डोक्याजवळ धरला आणि घडीवर घेतला. दार अलगद ओढून घेतलं, चाकांच्या पिशवीला वळसा घातला आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.

शाळा चालत पंधरा मिनिटांवर होती. पाठ अकराला होता. काका साडेसातला निघाले.